दोघांची सहल आणि पाच पासपोर्ट

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड देतात. जवळचं किती दिसतं ते पाहायला. वर मोठी अक्षरं, मग बारीक, मग त्याहून बारीक. ती काम करायची त्या दुकानातल्या कार्डावर एकदा चहा सांडला आणि नवं येईपर्यंत काम अडू नये म्हणून तिने हाताला लागलेलं एक जाहिरातीचं पान पुठ्ठ्यावर चिकटवलं. पान एका सहल कंपनीचं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की भूमध्य समुद्राच्या काठी, डोंगरावरच्या किल्ल्याच्या कुशीत वसलेली एक प्राचीन राजधानी आपली वाट पाहत आहे. खाली चार दिवसांत काय काय पाहाल ते, आणि अगदी तळाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’. ज्याला ‘अटी लागू’ वाचता आलं त्याला चष्म्याची गरज नाही, इतकं सोपं गणित होऊन बसलं. पुढे नवं कार्ड आलं, पण ह्यावर हात बसला होता म्हणून हेच चालू राहिलं.

झालं असं, की त्यामुळे रोज कुणी ना कुणी तिच्यासमोर बसून ते वाक्य मोठ्याने वाचायचं. एक निवृत्त न्यायाधीश यायचे, ते निकाल दिल्यासारखे वाचायचे. एक आजीबाई होत्या, त्या अंगाईच्या चालीवर वाचायच्या. कोपऱ्यावरचा शिंपी दर वेळी ‘प्राचीन’पाशी अडखळायचा, आणि तिला वाटायचं, ह्याचा नंबर वाढलाय की शब्द अवघड आहे? वर्षभर लोक तिला येऊन सांगत होते की एक राजधानी आपली वाट पाहते आहे. माणूस किती दिवस दगडासारखा ऐकून घेणार? एक दिवस तिच्याही मनात आलं, की बिचारी इतकी वाट पाहतेय तर जाऊन यावं.

गल्लीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत आणि तिच्या नवऱ्याला लिफ्टवाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लोकांना वाटतं, लिफ्टवाल्याचं आयुष्य लिफ्टमधून वर-खाली करण्यात जात असेल. खरं अगदी उलट आहे. चालू लिफ्टसाठी त्याला कोण कशाला बोलावील? बंद पडली की बोलावतात, आणि लिफ्टचं यंत्र असतं गच्चीवर. म्हणजे हा माणूस खांद्याला हत्यारांची जड पिशवी अडकवून रोज जिने चढायचा. दुरुस्ती झाली की त्याच लिफ्टने खाली यायचा, एवढीच त्याच्या धंद्यातली चैन.

घर लहान होतं, भिंती पातळ होत्या आणि सासूबाईंचे कान तिखट. मुलगी त्या वर्षी कॉलेजच्या वसतिगृहात गेली तरी घर काही मोठं झालं नाही. नवरा-बायकोला दोन शब्द खाजगी बोलायचे असले की ती दोघं मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जात. त्यांचा अख्खा संसार त्या गॅलरीत ठरला होता. मुलीचं नाव, तिची शाळा, फ्रिज कुठला घ्यायचा, सगळं. बोलणं महत्त्वाचं असलं आणि ओले कपडे नसले, तर ती कोरडे रुमाल नळाखाली धरायची. शेजारीण एकदा म्हणाली होती, तुमच्या घरात धुणं फार बाई.

तर अशाच एका संध्याकाळी चादरीची दोन टोकं दोघांनी धरलेली असताना तिने विषय काढला. चार दिवस. ती आणि तो. त्याच्या तोंडात कपड्याचा चिमटा होता. तो काढून त्याने विचारलं, कुठे? तिने ते सगळं वाक्य धडाधड म्हणून दाखवलं.

“छान पाठ आहे,” तो म्हणाला. “अटी काय?”

“दोघंच. एवढी एकच अट.”

तो गालातल्या गालात हसला आणि चादरीला चिमटा लावला. त्याचा होकार असाच असायचा. तिला त्या रात्री कितीतरी दिवसांनी फार छान झोप लागली.

घोळ झाला तो पासपोर्टमुळे. त्याचा पासपोर्ट सासूबाईंच्या कपाटात होता. घरातले सगळे महत्त्वाचे कागद तिथेच असत आणि त्या कपाटातून कुठलीही वस्तू चौकशी झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. लिफ्टवाल्याला खोटं बोलता येत नव्हतं. कशाला हवाय, असं आईने विचारल्यावर त्याने सरळ सांगून टाकलं. सासूबाई आत गेल्या आणि दोन पासपोर्ट घेऊन आल्या. दुसरा त्यांचा स्वतःचा होता. सासरे असताना त्या दोघांनी हौसेने काढले होते. जाणं कधी झालंच नाही, पण सासूबाई मुदत संपली की तो नेमाने नवा करून घेत. आत एक शिक्का नव्हता. पानांना अजून नव्या पुस्तकाचा वास येत होता.

“तुझ्या बाबांच्या फार मनात होतं,” एवढंच म्हणून त्यांनी दोन्ही पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. यावर कुठला मुलगा काय बोलणार? तो गप्प बसला, आणि त्या घरात गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं.

दुसऱ्या दिवशी नणंद आली. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि पोस्टात काउंटरवर काम करायची. उभा दिवस खुर्चीत. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी ती रिक्षा शोधायची. तिचं म्हणणं असं, की आई एवढ्या लांब एकटी कशी जाईल, बरोबर कुणीतरी माणूस नको का? म्हणजे मुलगा आणि सून ही माणसांत धरलेली नव्हती. तिने आपला पासपोर्ट पर्समध्ये आणलाच होता. तिच्या नवऱ्याला प्रवासाचं वावडं. तो म्हणाला, जा तू, फोटो पाठव.

आणि आठवडा संपायच्या आत मावशी आल्या. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, वरच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांना बारा महिने तेरा दुखणी. गुडघा, कंबर, मान, पित्त, शिवाय बंद जागेची भीती. त्यांनी पासपोर्ट ठेवला आणि म्हणाल्या, “मेले तर तिकडे मेले. निदान समुद्र तरी दिसेल.”

टेबलावर पाच पासपोर्ट पत्त्यांसारखे पसरलेले पाहून चष्मेवालीला रडावं की हसावं कळेना. सहल कंपनीच्या बाई मात्र खूश झाल्या. पाच माणसं असतील तर एकच मोठी खोली मिळते, म्हणाल्या, पाच पलंगांची, सगळे एकत्र, किती मजा येईल. महिनाअखेरीपर्यंत नक्की सांगा. ही खोलीची बातमी ऐकून नणंदेने टाळ्या वाजवल्या. लिफ्टवाल्याने बायकोकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

आता नाही कुणी म्हणायचं? सुनेने म्हटलं तर ती वाईट, आणि ती पुढे जन्मभर वाईट. मुलाने म्हणावं तर त्याच्या तोंडात कायमचा चिमटा. तिने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत थेंब घालताना तिला युक्ती सुचली. आपण कशाला नाही म्हणायचं? त्यांनाच म्हणू दे. साप मरावा आणि काठीही तुटू नये.

दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती सहलीचा कार्यक्रम आखायला बसली. पहाटे पाचला निघणे. किल्ल्यावर पायी जाणे, तेही रस्त्याने नाही, पायऱ्यांनी. नाश्ता वर, बरोबर नेलेला, कोरडा. उतरल्या पावली संग्रहालय. तिथे बसायला बाकं नाहीत, हे तिने मनानेच ठोकून दिलं. दुपारी जेवणाऐवजी एक फळ, उभ्याने. ‘विश्रांती’ असं लिहून तिच्यापुढे तिने एक रेघ मारली. मग जुन्या शहराची तटबंदी, संपूर्ण फेरी. मग बंदर, जाताना चालत, येताना चालत. दुसऱ्या दिवशी दुसरी टेकडी आणि दुसरं संग्रहालय. तिसऱ्या दिवशी भुयारं. ही खास मावशींसाठी. खरेदीपुढे तिने लिहिलं, ‘वेळ उरल्यास’. तो उरू नये याची चोख व्यवस्था तिने केली होती. लिहिता लिहिता तिला इतकं हसू येत होतं की दुकानाच्या मालकांनी दोनदा आत डोकावून पाहिलं.

रविवारी सगळे चहाला जमले तेव्हा तिने तो कार्यक्रम वाचून दाखवला. आवाज शक्य तितका गोड ठेवला. मधेमधे ‘एवढं लांब जाऊन काही सुटायला नको ना’ अशी पेरणी केली. वाचून झालं. तिने कागदाची घडी घातली आणि पहिला कोण गळतो याची वाट पाहू लागली.

मावशींनी घसा खाकरला. त्यांना एकच शंका होती. पाचला निघून किल्ल्यावर सूर्योदय गाठता येईल का? की साडेचारला निघावं?

नणंदेने विचारलं, बूट कुठले घ्यायचे?

सासूबाईंनी कागद मागून घेतला, चष्मा लावला, तोही सुनेनेच बनवून दिलेला, आणि सगळा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला. मग त्यांनी तो नीट घडी घालून आपल्या कपाटात नेऊन ठेवला, पासपोर्टच्या शेजारी.

 लिफ्टवाल्यासमोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

त्या दिवसापासून घराची तालीम झाली. सासूबाई इमारतीचा जिना चढू-उतरू लागल्या. चालू लिफ्ट सोडून जिन्याने वर येणारी आपली आई पाहून लिफ्टवाल्याला काय वाटलं असेल, ते त्याचं त्याला ठाऊक. नणंदेने पोपटी रंगाचे बूट घेतले, इतके पोपटी की ती गल्लीच्या टोकाला असतानाच कळायचं, ताई आल्या. पोस्टात ती आता उभ्याने शिक्के मारते, असं कानावर आलं. मावशींचं एकेक दुखणं बोलण्यातून गळत चाललं. आधी पित्त गेलं, मग मान, मग कंबर. भुयारांची मात्र त्यांना खरीच धास्ती होती. म्हणून त्या रोज थोडा वेळ आपल्या कपड्यांच्या कपाटात दार लावून बसायला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या मोलकरणीने किंकाळी फोडली. नंतर तिला सवय झाली. आत बसल्यात, थांबा जरा, असं ती आल्यागेल्याला सांगायची.

गळतीची चिन्हं दिसली ती भलत्याच ठिकाणी. एका संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, सहलीच्या महिन्यात हॉस्पिटलच्या लिफ्टची तपासणी असते, बहुतेक त्याला सुट्टी मिळणार नाही. दोन दिवसांनी म्हणाला, तुम्ही सगळ्या जणी जाऊन या ना, घर कुणीतरी सांभाळायला हवंच. घर काय सांभाळायचं होतं? कुलूप लावलं की झालं. ती वरवर हं म्हणाली, पण आतून तिला फार लागलं. ज्याच्याबरोबर चार दिवस मिळावेत म्हणून हा सगळा खटाटोप, तोच अंग काढून घेत होता. तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. कपडे ती एकटीच वाळत घालू लागली.

सहल कंपनीला नक्की सांगायच्या आदल्या रविवारी सासूबाईंनी सरावाची चढाई जाहीर केली. गावाबाहेर एक टेकडी होती, माथ्यावर पाण्याची टाकी. सगळ्यांनी यायचं, सबबी चालणार नाहीत. पुढे पोपटी बूट, मागे सासूबाई, त्यांच्या मागे मावशी, आणि बऱ्याच मागे नवरा-बायको, एकमेकांशी न बोलता. अर्ध्या वाटेवर एक सपाट दगड होता. लिफ्टवाला त्यावर जाऊन बसला.

“तू जा,” तो म्हणाला. “मी बसतो इथेच.”

ती पुढे गेली नाही. कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. तुम्हाला यायचंच नाहीये, तसं सरळ सांगा, म्हणाली. तपासणीचं नाव कशाला पुढे करता?

तो आपल्या बुटांकडे बघतच म्हणाला, “यायचं होतं गं. तू दोघंच म्हणालीस तेव्हा तर फार यायचं होतं. म्हटलं, उशिरा उठू, कुठेतरी जाऊन बसू, बसून बसून कंटाळा आला की दुसरीकडे जाऊन बसू. तर तू पायऱ्या काढल्यास. माझा रोजचा दिवस जिन्यात जातो. सुट्टीतही तेच? शिवाय बसायला बाकं नाहीत म्हणतेस. पण तुझी एवढी हौस दिसली, मी कशाला मोडता घालू? म्हटलं, तूच जा त्यांच्याबरोबर आनंदाने.”

 मग तिच्या पोटातून हसू वर यायला लागलं आणि ते आवरेना. ती धपकन त्याच्या शेजारी बसली.

“अहो, बाकं आहेत,” ती म्हणाली. “ती मी काढून टाकली.”

मग तिने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोरडा नाश्ता, उभ्याने फळ, मावशींसाठी भुयारं. त्याने सगळं ऐकून घेतलं. यंत्रात बिघाड नेमका कुठे झालाय ते शोधताना तो जसा चेहरा करायचा तसा त्याचा चेहरा झाला होता.

“म्हणजे हे सगळं त्यांनी येऊ नये म्हणून?”

“हो.”

त्याने मान वर करून पाहिलं. टाकीपाशी पोचलेले पोपटी बूट उन्हात चमकत होते. शेजारी मावशी दोन्ही हात वर करून कसलासा व्यायाम करत होत्या.

“मग जमलं नाही,” तो म्हणाला.

त्यावर दोघं जी हसत सुटली ती एकमेकांच्या अंगावर कलंडेपर्यंत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आठ-दहा दिवसांचं साचलेलं सगळं त्या हसण्यात वाहून गेलं. आणि ऐन त्या वेळी वरून सासूबाई उतरत आल्या. मुलगा आणि सून दगडावर वाकलेली, चेहरे लाल, डोळ्यांना पाणी. त्यांना वाटलं, दोघांना धाप लागलीय. पदराने घाम टिपत त्या समोर उभ्या राहिल्या. त्यांना स्वतःला धाप लागलेली नव्हती.

त्या रागावतील असं सुनेला वाटलं होतं. पण त्यांचा आवाज मऊ झाला.

“तुला एक सांगायचं राहिलं होतं,” त्या सुनेला म्हणाल्या. “हे गेल्यापासून जो तो मला बस म्हणतो. आई बस, काकू बसा, तुम्ही नका उठू. बसून बसून मी खुर्चीच व्हायची राहिले होते. तो कागद तू वाचलास ना, त्यात माझ्यासाठी कुठे वेगळं काही नव्हतं. सगळ्यांना पहाटे पाच, तर मलाही पाच. मला फार बरं वाटलं.”

चष्मेवालीचं हसू जागच्या जागी थिजलं. तिला वाटलं, आत्ता या दगडाखाली जागा मिळाली तर बरं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलंसुद्धा, पण खरं सांगून कुणाचं भलं होणार होतं? नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आयुष्यात पहिल्यांदा तो अगदी वेळेवर बोलला.

“आई, आम्हाला दोघांना तुमच्या वेगाने नाही जमणार.”

“ते दिसतंच आहे,” सासूबाई म्हणाल्या. मऊपणा संपला होता. “अर्ध्या टेकडीवर ही गत, तर तिथे काय होईल? तुमच्यापायी आमचा खोळंबा व्हायचा. आम्ही तिघी वेगळ्या जाऊ. तुम्ही उठा, बसा, तुमचं तुम्ही बघा. आणि त्या बाईंना सांग, खोल्या दोन हव्यात. पहाटे आमचं आवरताना तुमच्या झोपा मधे यायला नकोत.”

असं म्हणून त्या पुन्हा वर चढायला लागल्या. सून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ज्या एकांतासाठी तिने एवढं कारस्थान रचलं तो सासूबाईंनी चालता चालता देऊन टाकला होता, आणि वर तिचे आभारही मानले होते. तिला आनंद झाला, आणि तो पुरता आनंद नव्हता.

राजधानी जाहिरातीत होती तशीच निघाली, फक्त मांजरं जास्त होती. अरुंद गल्ल्या, हिरव्या झडपांच्या खिडक्या, पायाखाली झिजून गुळगुळीत झालेले दगड, आणि कुठल्याही गल्लीच्या टोकाला मान वर केली की किल्ला. पहिल्या पहाटे शेजारच्या खोलीचं दार उघडलं. नणंदेने, त्यांना उठवू नका हं, असं कुजबुजत्या आवाजात सांगितलं, आणि तिच्या कुजबुजण्याने सगळा मजला जागा झाला. बुटांचे आवाज जिन्यावरून खाली गेले. मग गल्लीत सगळं शांत झालं. लिफ्टवाल्याने कूस बदलली, डोळे न उघडता विचारलं, गेल्या? ती म्हणाली, गेल्या. मग दोघंही ऊन पलंगावर येईपर्यंत झोपली.

उठल्यावर त्यांनी कोपऱ्यावर कॉफी घेतली आणि चौकातल्या एका बाकावर जाऊन बसली. हातात ओलं कापड नसताना बोलायचं म्हणजे पहिल्यांदा दोघांना अवघडच गेलं. हातांचं काय करायचं तेच कळेना. हळूहळू जमलं. सावली सरकली की ती दोघं पुढच्या बाकावर जात. चौकात बाकं पुष्कळ होती. दुपारी समुद्राकाठच्या भिंतीवर पाय सोडून बसली. त्याने तिला त्याच्या लहानपणीची एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती तिने ऐकली नव्हती, कारण ती लांबलचक होती आणि धुणं कधी तेवढं नसायचं.

संध्याकाळी तिघी परतायच्या त्या उन्हाने रापून, धुळीने माखून, एकमेकींचं वाक्य तोडत. किल्ला त्यांनी सूर्योदयाच्या आधी गाठला होता. तटबंदीची फेरी पुरी करून, हौसेने अर्धी पुन्हा मारली होती. भुयारांतून सगळे बाहेर आले तरी मावशी येईनात म्हणून शोधायला माणूस पाठवावा लागला. त्या आत निवांत बसल्या होत्या. म्हणाल्या, कपाटापेक्षा पुष्कळ मोकळं आहे. तुम्ही काय पाहिलंत, असं तिसऱ्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, आणि मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, बाकं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्या लांब येऊन किल्ला न बघता परत जाणारी माणसं त्यांच्या घराण्यात निपजावी, याचं त्यांना खरोखर दुःख झालं.

म्हणून शेवटच्या पहाटे चष्मेवाली स्वतःहून उठली. नवरा झोपला होता, त्याला तिने उठवलं नाही. नणंद आणि मावशींनी त्या दिवशी सामान भरायला सुट्टी घेतली होती. खाली दारात सासूबाई एकट्याच उभ्या होत्या, शाल गुंडाळून. सुनेला पाहून त्यांनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

पायऱ्या खरंच फार होत्या. लिहिताना एका ओळीत मावल्या होत्या, चढताना संपेनात. अर्ध्यावर तिच्या छातीचा भाता झाला. सासूबाई पुढच्या वळणावर थांबल्या, पाठ करून, समुद्राकडे बघत, म्हणजे आपण हिच्यासाठी थांबलोय असं दिसू नये. ती वर पोचली तेव्हा आकाश उजळायला लागलं होतं. खाली गच्च्यांवर दोऱ्या, घुमट, बंदरातल्या होड्या. सासूबाईंनी एकेक जागा बोटाने दाखवली, गावात जन्म गेल्यासारखी. ती आपली खिडकी, म्हणाल्या. पडदा लागलेलाच होता.

“निजू दे त्याला,” त्या म्हणाल्या. “लहानपणीही असाच. हलवून उठवला की दिवसभर तोंड वाकडं.”

दोघी हसल्या. वारा छान होता. सुनेला वाटलं, सांगायचं तर आत्ताच. नाहीतर मग राहूनच जाईल.

“आई, तो कार्यक्रम मी आखला ना, तो खरं म्हणजे…”

“त्यात एक चूक होती,” सासूबाई म्हणाल्या. त्या अजून शहराकडेच बघत होत्या. “ते दुसरं संग्रहालय सोमवारी बंद असतं. आम्ही तिघी दारात उभ्या. तुझी लाज जायला नको म्हणून त्या दोघींना सांगितलं, कंपनीच्या माहितीपत्रकातच चुकीचं छापलं असेल. पुढच्या वेळी नीट बघून करत जा.”

चष्मेवालीने उघडलेलं तोंड मिटलं.

“हो,” ती म्हणाली. “नीट बघून करीन.”

सासूबाईंनी शाल सारखी केली आणि उतरताना पाय तिरका टाकायचा, म्हणजे गुडघ्यावर भार येत नाही, हे तिला समजावून सांगत त्या पायऱ्या उतरायला लागल्या.